इंटरस्टेटवरून खाली उतरा: साउथ डकोटा, नेब्रास्का आणि आसपासची रस्त्याकाठची ठिकाणं

पाऊलवाट (धागाकर्ता)

अमेरिकेत राहणारी आपली मंडळी फिरायला निघाली की यादी ठरलेली असते. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, नायगारा, फ्लोरिडा. विमानानं जायचं, भाड्याची गाडी घ्यायची, बघायचं ते बघून परत. ही ठिकाणं सुंदरच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मधली राज्यं आपण विमानातून ओलांडतो, आणि गाडीनं जायची वेळ आलीच तर रात्रीतून पार कशी करता येतील ते बघतो. 'तिकडे मक्याशिवाय आहे काय?' हे मी मंडळाच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकतो. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे. या भागात रस्त्याकाठी जे अचाट प्रकार दिसतात, मक्यानं मढवलेला महाल, सुतळीचा अवाढव्य गोळा, मोटारींचं स्टोनहेंज (इंग्लंडमधल्या प्राचीन दगडी वर्तुळाची नक्कल), ते नुसते फोटो काढून सोडू नका. कुणी केलं आणि का केलं, हे तिथल्या काउंटरवरच्या माणसाला विचारा. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळते: गावाकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि गाव टिकावं म्हणून कुणीतरी जिवाचं रान केलं. मला तरी अमेरिका कळली ती अशा गावांत.

सुरुवात साउथ डकोटापासून करतो, कारण एकाच रस्त्यावर इतकं काही दुसरीकडे क्वचित मिळेल. सू फॉल्सहून आय-९० (इंटरस्टेट ९०, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारा मोठा महामार्ग) धरून पश्चिमेला निघायचं.

पहिला मुक्काम मिचेल. इथला कॉर्न पॅलेस पहिल्यांदा १८९२ साली बांधला. आमच्या जमिनीत काय पिकतं ते बघा आणि इथे वस्तीला या, हे बाहेरच्यांना सांगण्यासाठी. आत्ताची इमारत १९२१ ची, त्यावरचे घुमट नंतरचे. बाहेरच्या भिंतींवरची प्रचंड चित्रं खऱ्या कणसांची असतात आणि जवळजवळ दरवर्षी नवीन विषय घेऊन ती पुन्हा केली जातात. रस्त्यापलीकडून बघून निघू नका, भिंतीच्या अगदी जवळ जा. काळ्या डांबरी कागदावर चित्र आखून कुठे कुठला रंग ते लिहिलेलं असतं. कणसं उभी चिरून, सपाट बाजू आत करून, एकेक खिळ्यानं ठोकलेली असतात. पिवळा, पांढरा, लाल, तपकिरी, जांभळट, काळपट असे सगळे रंग मक्याचेच. शेतकरी प्रत्येक रंग वेगळ्या शेतात लावतात, नाहीतर परागकण मिसळून रंग बिघडतो. रंग बाहेरून दिलेला नसतो. आत बास्केटबॉलचं मैदान आहे आणि शाळा-कॉलेजांचे सामने तिथेच होतात. म्हणजे गाव आजही ही वास्तू वापरतं, पर्यटकांपुरती ती राखलेली नाही.

पुढे चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडायची. नदीच्या अलीकडे विश्रांतिथांबा आहे, तिथे थांबाच. 'डिग्निटी' नावाचा ५० फुटी स्टीलचा पुतळा २०१६ मध्ये उभारला: पाठीवर तारांकित गोधडी पांघरलेली लाकोटा-डकोटा या इथल्या मूळ रहिवासी जमातींमधली स्त्री. गोधडीतले निळे चौकटीचे तुकडे वाऱ्यावर हलतात. डेल लॅम्फिअर या साउथ डकोटाच्याच शिल्पकाराचं काम. याच थांब्यावरून राज्याचे दोन भाग समजतात. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांची मजल साधारण या नदीपर्यंतच होती. पूर्वेला त्यांनी आणलेली सुपीक माती, तिथे मका-सोयाबीन. पश्चिमेला कोरडी कुरणं आणि गुरं. पूल ओलांडला की वीसेक मिनिटांत गाडीच्या काचेतून फरक दिसायला लागतो.

मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. आणि मग सुरू होतात वॉल ड्रगच्या पाट्या. तशा त्या शेकडो मैल आधीपासून असतातच. १९३१ मध्ये टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्यानं वॉल नावाच्या खेड्यात औषधांचं दुकान घेतलं. मंदी, दुष्काळ, गिऱ्हाईक नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीला रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकून सुचलं, की या लोकांना सगळ्यात जास्त काय हवं असेल? गार पाणी. रस्त्याला पाट्या लावल्या, 'बर्फाचं पाणी फुकट'. लोक वळायला लागले ते आजतागायत. आज तिथे रस्त्याचा एक अख्खा कडा व्यापणारं दुकान आहे. गार पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी अजून पाच सेंटला मिळते, पैसे आपणहून डब्यात टाकायचे. दुकानात खरेदी करा-नका करू, पण मागच्या भिंतींवरचे जुने फोटो वाचा. जगभर ठिकठिकाणी लोकांनी हौसेनं लावलेल्या 'वॉल ड्रग इतके मैल' पाट्यांचे फोटो आहेत.

वॉलला लागूनच बॅडलँड्स नॅशनल पार्क. इथे वर्णन करत बसत नाही, फक्त एक सांगतो: मातीचे हे सुळके वर्षाला सरासरी एक इंच झिजतात. त्यामुळे जीवाश्म सतत उघडे पडत असतात. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला व्हिजिटर सेंटरजवळच लांब सुळे असलेल्या, मांजरासारख्या दिसणाऱ्या आदिम प्राण्याची कवटी सापडली. तिनं ती उचलली नाही, रेंजरला जाऊन सांगितलं. मुलांना ही गोष्ट आधी सांगून मग फिरवा, सगळी वाट ती जमिनीकडे बघत चालतात.

आणि याच पट्ट्यात, जिथे नजर जाईल तिथे गवत आहे, तिथे शीतयुद्धातली अण्वस्त्रं पुरलेली होती. एकट्या साउथ डकोटात १५० मिनिटमन क्षेपणास्त्रं होती. १९९१ च्या करारानंतर ती काढली आणि दोन जागा बघण्यासाठी ठेवल्या. डेल्टा-०९ ला काचेच्या झाकणातून खाली भुयारातलं (आता निकामी) क्षेपणास्त्र दिसतं. डेल्टा-०१ ला रेंजर लिफ्टनं खाली नियंत्रणकक्षात नेतात, त्यासाठी आधी आरक्षण करावं लागतं. तिथल्या काही टन वजनाच्या लोखंडी दारावर सैनिकांनी पिझ्झाच्या खोक्याचं चित्र रंगवलंय आणि लिहिलंय की जगात कुठेही ३० मिनिटांत पोचवू. खाली बसून चोवीस-चोवीस तास पहारा करणारी ती पोरं जेमतेम विशीतली असायची. मला तो दरवाजा माउंट रशमोरवर कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

रशमोर आणि ते ज्या डोंगररांगेत आहे त्या ब्लॅक हिल्सबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर तुमची ठिकाणं येऊ द्या. अट एकच, ते कुणी आणि का केलं तेही लिहा.

मिनेसोटाकर

झकास धागा! सुतळीचा गोळा म्हणालात म्हणून लगेच लिहितोय, कारण गोळे दोन आहेत आणि दोन्ही गावं आपलाच मोठा म्हणतात.

आमच्या राज्यात डार्विन नावाच्या गावी फ्रान्सिस जॉन्सन या शेतकऱ्यानं १९५० मध्ये सुतळी गुंडाळायला घेतली आणि २९ वर्षं गुंडाळली. एकट्यानं. गोळा वाढला तसा तो जॅकनं उचलून फिरवायचा, म्हणजे सगळीकडून सारखा गोल राहील. वजन १७,४०० पौंड, व्यास १२ फूट. आता तो छताखाली काचेच्या खोलीत आहे, हात लावता येत नाही.

दुसरा कॅन्ससमध्ये कॉकर सिटीला. फ्रँक स्टोबरनं १९५३ मध्ये खळ्यातली उरलेली सुतळी गुंडाळायला सुरुवात केली. तो गेल्यावर गावानं ते काम थांबवलं नाही. दर ऑगस्टमध्ये गाव जमतं आणि गुंडाळतं, आणि एरवीही वाटसरूंना सुतळी देतात. एका माणसानं केलेला सर्वात मोठा गोळा डार्विनचा, आणि गावानं मिळून केलेला कॉकर सिटीचा, असा हिशोब मी लावतो. आमच्या मुलीनं कॉकर सिटीत आपल्या हातानं सुतळी गुंडाळली आहे आणि ते ती शाळेत अजून सांगते.

इकडे आलात तर बेमिजीला लोककथांतला अवाढव्य लाकूडतोड्या पॉल बनियन आणि त्याचा निळा बैल (१९३७ पासून तलावाकाठी उभे आहेत) बघा आणि तिथून इटास्का स्टेट पार्कला जा. मिसिसिपी तिथे उगम पावते. दगडांवरून पाय ठेवत ती नदी चालत ओलांडता येते. पुढे सेंट लुईसला तीच नदी बघितली की आपण काय केलं होतं ते कळतं.

वाचनमात्र

मी नागपुरात बसून नकाशा शेजारी उघडून वाचतेय. फार छान. एक शंका, हे आय-९०, आय-८०, यूएस-५० असे आकडे असतात त्यात काही सूत्र आहे का?

पाऊलवाट

आहे, आणि ते एकदा डोक्यात बसलं की नकाशाशिवाय दिशा कळते. इंटरस्टेटमध्ये सम आकडे पूर्व-पश्चिम, विषम उत्तर-दक्षिण. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात, विषम पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणून आय-१० मेक्सिकोच्या बाजूला आणि आय-९० कॅनडाच्या बाजूला. जुन्या यूएस हायवेंची रचना नेमकी उलटी आहे, यूएस-१ पूर्व किनाऱ्यावर आणि यूएस-१०१ पश्चिमेला. ते जाळं १९२६ चं, इंटरस्टेटचा कायदा १९५६ चा.

मैलांचे दगड राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासून मोजतात आणि बहुतेक राज्यांत एक्झिटला तोच आकडा देतात. म्हणजे एक्झिट ११० दिसलं आणि तुम्ही पश्चिमेला चाललाय, तर राज्याची हद्द ११० मैलांवर. वॉलची एक्झिट तीच.

खडकवेडा

पाऊलवाट, तुम्ही वायोमिंगच्या सीमेपर्यंत आलाच आहात तर डेव्हिल्स टॉवर सोडू नका. रॅपिड सिटीहून दोन तासांच्या आत. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी जाहीर केलेलं हे अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक. पायथ्यापासून ८६७ फूट. सपाट प्रदेशात पाच-सहा बाजूंच्या दगडी पेन्सिलींची जुडी उभी करून ठेवावी तसं दिसतं. लाव्हारस जमिनीखाली थंड होताना आकसला, त्याला तडे गेले, तडे खोल जात राहिले आणि हे खांब तयार झाले. वरची मऊ माती नंतर वाहून गेली.

आता मुंबईकरांनो, हे वाचा. असेच खांब बघायला तुम्हाला अंधेरी पश्चिमेला जाता येतं. गिल्बर्ट हिल! साधारण २०० फूट उंच काळ्या बेसॉल्टचा सुळका, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, वर गावदेवीचं मंदिर. दोन्हींचा खडक वेगळा, पण खांब होण्याची क्रिया तीच. डेव्हिल्स टॉवरभोवती सव्वा मैलाची फरसबंद वाट आहे, झाडांना स्थानिक जमातींनी बांधलेली प्रार्थनेची फडकी आहेत, जून महिन्यात त्यांच्या विधींसाठी गिर्यारोहकांना वर न चढण्याची विनंती केली जाते. गिल्बर्ट हिलला चारी बाजूंनी इमारती भिडल्यात. मला दरवेळी हे मनाला लागतं. अंधेरीत वाढलेल्या कितीजणांनी तो डोंगर खालून नीट निरखलाय?

टॉवरची एक गोष्ट: ऑक्टोबर १९४१ मध्ये जॉर्ज हॉपकिन्स नावाचा एकजण पॅराशूटनं त्याच्या माथ्यावर उतरला. दोरानं खाली यायचा बेत होता, पण टाकलेला दोर कड्यावरून घसरून गेला. सहा दिवस वर अडकला. विमानातून अन्न आणि पांघरूण टाकत होते, शेवटी गिर्यारोहकांनी चढून जाऊन त्याला उतरवलं.

असंच दुसरं जोडपं म्हणजे लोणार आणि ॲरिझोनातलं मिटिअर क्रेटर. आय-४० वर विन्स्लोजवळ आहे. साधारण ५०,००० वर्षांपूर्वी लोखंडी अशनी आदळून झालेलं पाऊण मैल रुंद विवर. लोणार त्याहून मोठं, १.८ किलोमीटर, आणि बेसॉल्टमध्ये झालेलं, जे पृथ्वीवर फार दुर्मिळ आहे. ॲरिझोनाचं विवर कोरडं ठणठणीत, त्यामुळे त्याचा वाडग्यासारखा आकार स्पष्ट दिसतो. लोणारला तळाशी खारं पाणी, भोवती झाडी आणि देवळं. दोन्ही बघितली तर दोन्ही जास्त कळतात.

कंदील

वाचतेय. पुढच्या उन्हाळ्यात सासूसासरे येणार आहेत, दोघंही सत्तरीचे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि दोघं पक्के शाकाहारी. हा पट्टा त्यांना झेपेल का? खायचं काय?

सुगरण

कंदील, नक्की झेपेल, उलट डोंगर चढायचे नसल्यानं हाच पट्टा सोयीचा. खाण्याचं मी सांगते.

छोट्या गावांत शाकाहारी म्हणजे ग्रिल्ड चीज, बटाट्याच्या फोडी आणि सॅलड. एक-दोन वेळा चालतं, मग जीव कंटाळतो. मी बरोबर छोटा इलेक्ट्रिक कुकर घेते. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, पिठलं सगळं त्यात होतं. दुपारसाठी दडपे पोहे: निघताना ओल्या नारळाऐवजी सुका कीस, कांदा, टोमॅटो, लिंबू कालवून डब्यात दडपून ठेवायचे, दोन तासांत मऊ होतात आणि वर पापड चुरायचा. विस्तव लागत नाही. थालीपिठाची भाजणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, चहाचा मसाला हे तर ज्येष्ठांबरोबर असायलाच हवं.

एक लक्षात ठेवा. या देशातली निम्म्याच्या आसपास मोटेल भारतीय वंशाच्या, बहुतांश गुजराती कुटुंबांची आहेत. अगदी आडगावातसुद्धा काउंटरवर कुणी 'केम छो' म्हणेल. सासूबाईंना त्या काउंटरवर गप्पा मारायला सोडा. आम्हाला एका ठिकाणी सकाळी न मागता आल्याचा चहा मिळाला होता. बाई म्हणाल्या, इकडे आपलं माणूस महिन्यात एखादं दिसतं.

पाऊलवाट

सुगरण यांच्या प्रतिसादाला +१. कंदील, ब्लॅक हिल्समध्ये बहुतेक सगळं गाडीतून दिसतं. तेच आता लिहितो.

कस्टर स्टेट पार्कमध्ये तेराशेच्या आसपास बायसनचा कळप आहे, संध्याकाळी रस्त्यावरच उभा असतो. काच वर ठेवायची, खाली उतरायचं नाही, वाट बघायची. तिथली गाढवं मात्र गाडीच्या खिडकीत तोंड घालतात. तिथून रशमोरला आयर्न माउंटन रोडनंच जायचं. १७ मैलांत ३१४ वळणं. पीटर नॉरबेक हे आधी गव्हर्नर, मग सिनेटर, त्यांनी स्वतः घोड्यावरून आणि पायी फिरून हा रस्ता आखला. रस्ता लवकर पोचवण्यासाठी आखलाच नाही. लाकडी पूल स्वतःभोवती वळसा घेत चढतात, आणि तीन बोगदे असे खणलेत की बाहेर पडताना समोर चौकटीत माउंट रशमोर येतं. हे दृश्य गाडीतून पूर्ण न्यायानं बघता येत नाही, उतरून चालावं, असं नॉरबेक म्हणत. दक्षिणेकडून उत्तरेकडे जा, म्हणजे बोगद्यांतून रशमोर समोर येतं.

रशमोर स्वतः १९२७ ते १९४१ मध्ये कोरलं. साधारण ४०० कामगार, चेहरा ६० फूट, आणि नव्वद टक्के दगड सुरुंगानं उडवलेला. जेफरसनचा चेहरा आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला सुरू केला होता. दगड ठिसूळ निघाला म्हणून तो उडवून दुसरीकडे पुन्हा कोरला. मूळ आराखडा कमरेपर्यंतचा होता, पैसे आणि शिल्पकार गटझन बोरग्लम दोन्ही संपले. प्रवेश फुकट, पार्किंगचे पैसे पडतात, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. कस्टरचा पासही वेगळा, कारण ते राज्याचं उद्यान आहे. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो (१९३८ पासून), तेव्हा शंभर मैलांत खोली मिळणं कठीण. सासूसासऱ्यांना जूनमध्ये न्या.

रानपाखरू

धागा आवडला, पण ब्लॅक हिल्सवर लिहिताना एक गोष्ट आलीच पाहिजे. ही जमीन १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानं लाकोटांना कायमची दिली होती. पुढे सोनं सापडलं आणि काही वर्षांतच ती काढून घेतली. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही घेतलेली जमीन आहे आणि भरपाई दिली पाहिजे असा निकाल दिला. लाकोटांनी पैसे नाकारले. ती रक्कम व्याजासह एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलीय आणि पडून आहे. त्यांचं म्हणणं, आम्हाला डोंगर हवेत, पैसे नकोत. ज्या खडकावर चार राष्ट्राध्यक्ष कोरलेत तो त्यांचा पवित्र डोंगर. त्यामुळे 'कुणी आणि का केलं' याच्यापुढे एक प्रश्न येतो, कुणाच्या जागेवर केलं?

बॅडलँड्सच्या दक्षिणेला पाईन रिज रिझर्व्हेशन (लाकोटांसाठी राखून ठेवलेला प्रदेश) आहे आणि त्यात वूंडेड नी. २९ डिसेंबर १८९० रोजी सैन्यानं तिथे अडीचशेहून जास्त लाकोटा मारले, त्यात बायका-मुलं होती. टेकडीवर सामुदायिक कबर आहे. तिथे ना तिकीट, ना दुकान. कुंपणाला बांधलेल्या फडक्यांतून वारा जातो आणि तुम्ही शांत उभे राहता. वॉल ड्रगवर चार तास घालवणाऱ्यांनी इथे एक तास द्यावा.

पाऊलवाट

रानपाखरू, मनापासून धन्यवाद. यात मी क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याच्या, डोंगरात कोरल्या जाणाऱ्या शिल्पाची भर घालतो. रशमोरपासून पाऊण-एक तासाच्या आत. लाकोटा प्रमुख हेन्री स्टँडिंग बेअर यांनी आमचेही वीर होते हे जगाला कळावं म्हणून शिल्पकार कोर्चाक झिओल्कोव्स्की यांना बोलावलं. १९४८ मध्ये काम सुरू झालं. चेहरा १९९८ मध्ये पुरा झाला, बाकी अजून चालू आहे. सरकारी पैसा घेत नाहीत. लाकोटांमध्येही याबद्दल दोन मतं आहेत, पवित्र डोंगर फोडून पुतळा का, असं म्हणणारे बरेच आहेत. तिथल्या संग्रहालयात उन्हाळ्यात स्थानिक कलाकार आणि जाणकार बसतात, त्यांच्याशी बोला. माझ्या मते दोन्ही शिल्पं बघून वूंडेड नीला जावं, हा क्रम योग्य.

उत्तरवारा

नॉर्थ डकोटाची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लॉगिन केलं.

आय-९४ वर डिकिन्सनच्या पूर्वेला एक्झिट ७२. उतरतानाच एका टेकडीवर पक्ष्यांचा थवा दिसतो, ११० फूट उंच, सगळा लोखंडाचा. भंगारापासून केलेलं जगातलं सर्वात मोठं शिल्प म्हणून त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. इथून दक्षिणेला रीजंट गावापर्यंत ३२ मैलांचा रस्ता, एन्चँटेड हायवे. गॅरी ग्रेफ हा मूळचा शिक्षक. आपलं गाव रिकामं होतंय हे त्याला बघवेना. त्याला वेल्डिंग येत नव्हतं, शिकला. १९८९ पासून जुन्या तेलाच्या टाक्या, पाइप, पत्रे, शेतकऱ्यांनी दिलेलं भंगार जोडून एकामागून एक शिल्पं उभी केली: गव्हातले टोळ, तितर, मासे, पत्र्याचं कुटुंब, हरणं. शेवटच्या शिल्पापर्यंत गेलात की तुम्ही त्याच्या गावात पोचलेले असता. त्याला हेच हवं होतं.

शिल्पांच्या पायथ्याशी जाऊन वर बघा. टोळाच्या पायांवर वेल्डिंगचे जाड टाके दिसतात, कुठे मूळ टाकीवरचा रंगही. एका माणसाच्या हाताचं काम आहे हे तिथे समजतं.

हडसनकाठ

पूर्वेकडची दोन ठिकाणं टाकतो. धागा मधल्या राज्यांचा आहे, पण यातलं दुसरं मराठी वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं न्यू जर्सीत मार्गेटचा लुसी हत्ती. लाकूड आणि पत्र्याचा सहामजली हत्ती, ६५ फूट उंच, बांधला १८८१ मध्ये. का? जेम्स लॅफर्टीला समुद्रकाठचे भूखंड विकायचे होते. गिऱ्हाईकाला हत्तीच्या पाठीवर नेऊन जमीन दाखवायचा. इंटरस्टेट सोडाच, मोटारीच्याही आधीचं रस्त्याकाठचं आकर्षण. पुढे हत्ती मोडकळीला आला तेव्हा गावातल्या लोकांनी वर्गणी काढून वाचवला. पायातल्या जिन्यानं वर जाता येतं.

दुसरं पकिप्सी, न्यूयॉर्क शहरापासून गाडीनं दोन तास, हडसनच्या काठी. तिथल्या रूरल सिमेटरीत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यू जर्सीत रोझेलला स्वतःच्या घरी मुलीसारखं ठेवलं, त्यांच्याकडे गोपाळरावांनी अस्थी पाठवल्या, आणि बाईंनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. साधा दगड आहे, त्यावर नाव, एम.डी., आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख. भोवती सगळी कार्पेंटर मंडळी. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास आपली हजारो घरं आहेत, नायगाराला जाताना थोडी वाट वाकडी केली की होतं. कचेरीत विचारलं की नकाशावर खूण करून देतात.

शब्दखूण

हडसनकाठ, हे माहीतच नव्हतं. आम्ही पकिप्सीला तो नदीवरचा पादचारी पूल बघून परत आलो होतो. येत्या फेब्रुवारीत जाणार, नक्की.

जुना_रस्ता

रूट ६६ राहिला. १९२६ ला सुरू, शिकागो ते सांता मोनिका, आठ राज्यं. १९८५ मध्ये यूएस हायवेंच्या यादीतून काढला, कारण इंटरस्टेट आले. ॲरिझोनात सेलिगमन गावाला आय-४० नं वळसा घातला तो १९७८ मध्ये, आणि एका दिवसात गावातली रहदारी बंद पडली. गावचा न्हावी एंजल डेल्गाडिलो गप्प बसला नाही. १९८७ मध्ये लोकांना जमवून संघटना काढली, राज्याच्या मागे लागून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक दर्जा मिळवला. आज रूट ६६ वर जे काही उभं दिसतं त्याचं बरंच श्रेय त्या न्हाव्याकडे जातं. पाऊलवाट म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू.

ओक्लाहोमात कटूसाला तळ्यात निळा देवमासा आहे. नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बायकोसाठी बांधला, मग गावची पोरं त्यावरून पोहायला लागली. टेक्सासमध्ये अमरिलोजवळचं कॅडिलॅक रँच (१९७४) सगळ्यांना माहीत असेल. दहा गाड्या नाकावर गाडलेल्या, स्प्रे-पेंट घेऊन जा, रंगवायला परवानगी आहे. रिकामे डबे मात्र परत आणा, फार कचरा होतो.

पाऊलवाट

गाड्यांवरून नेब्रास्काचं कारहेंज. अलायन्स गावाबाहेर, १९८७. जिम रेंडर्स यांनी वडिलांच्या स्मरणार्थ, नातेवाइकांना शेतावर जमवून, ३९ जुन्या गाड्या स्टोनहेंजच्या मांडणीत उभ्या केल्या आणि राखाडी रंगवल्या. गावाला आधी ते पाडायचं होतं, आता ते गावाचं भूषण आहे. जाताना हायवे २ घ्या, सँडहिल्समधून. वाळूच्या टेकड्यांवर गवत धरलंय, मैलोन्मैल घर दिसत नाही, बाजूनं कोळशाच्या लांबलचक गाड्या धावतात. पेट्रोल अर्ध्या टाकीला भरायचं आणि नकाशा आधी उतरवून ठेवायचा, फोनला रेंज नसते.

वाचनमात्र

नेब्रास्कात मार्चमध्ये क्रौंच पक्षी येतात असं वाचलंय. माझा भाऊ ओमाहाला आहे, त्याला पाठवायचंय. कुठे, कधी?

पाऊलवाट

फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात, सर्वात जास्त मार्चच्या उत्तरार्धात. प्लॅट नदीवर कार्नीच्या आसपास पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन उतरतात. दिवसा शेतात सांडलेला मका खातात, रात्री कोल्हे-कायोटींपासून बचाव म्हणून उथळ पाण्यात उभे राहतात. म्हणून बघायची वेळ सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्ताला. गिबनजवळ रो अभयारण्यात लपून बघण्याच्या खोल्या आहेत, त्या लवकर भरतात, आधी आरक्षण करायला सांगा. नाही मिळालं तर फोर्ट कार्नीचा पादचारी पूल आहे, तिथून सुरेख दिसतं. ओमाहाहून तीन तासांच्या आत पोचेल. पुलावर कडाक्याचा वारा असतो, कानटोपी आणि हातमोजे न्यावेत, फोनचा फ्लॅश बंद ठेवावा आणि शेतकऱ्यांच्या बांधावर गाडी लावू नये.